वॉर्डातला पुकारा

उशीखालून बाटली निघाली तेव्हा सिस्टर पाटोळेंनी ती गळ्याशी दोन बोटांत धरून खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात नेली, आणि सगळा वॉर्ड माना वर करून बघू लागला. तपकिरी काच, निम्म्यावर आलेलं काळपट औषध, वर द्राक्षासवाचं लेबल. बाटली रंगनाथ दराडे यांची होती. ते खाटेवरून पाय खाली सोडून बसले होते आणि त्यांची बायको मथुरा भिंतीला टेकून उभी होती. तिनं आधी बाटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि पदर तोंडाला लावला.

"वैद्यानं दिलंय," दराडे म्हणाले. "अंगात ताकद यावी म्हणून."

पण हे ते नाकातून म्हणाले, शब्द एकमेकांत अडकवत, आणि बोलताना त्यांची डावी पापणी बुबुळावर निम्मी उतरलेली होती. दिवेलागणीची वेळ. त्या वेळी असं बोलणाऱ्या माणसाच्या उशीखाली बाटली सापडल्यावर तो काय सांगतोय हे कोण ऐकणार? शेजारच्या खाटेवरचे दम्याचे आजोबा खोकता खोकता हसले. "आसवच घेतलंय बिचाऱ्यानं," ते म्हणाले, आणि दोन-तीन खाटांवर हशा पिकला. त्या आसवात मद्यार्क असतो हे वॉर्डातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी तेव्हा मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर होते. धीर नावाची गोष्ट मला जन्मतःच कमी मिळालेली आहे. आई म्हणायची, ही पोरगी भाकरी फुगायच्या आत उलटते. ज्या कामाला चार दिवस लागतात ते मला आज दुपारी हवं असायचं, आणि ते तसं होत नाही म्हणून मी जिन्यावरून उगाच खालीवर करत बसायची. दराडे दाखल झाल्यापासून तर माझं पाऊल एका जागी ठरत नव्हतं. त्या माणसाला काहीतरी मोठं झालंय असं मला आतून वाटत होतं, आणि ते दाखवून देता येत नव्हतं.

दराडे कांद्याच्या बाजारात लिलावाचा पुकारा करायचे. ट्रॅक्टरच्या रांगेतून चालत जायचं, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, ट्रॉलीवर उभा शेतकरी, आणि मध्ये हे भाव चढवत ओरडणार. त्यांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू जातो असं बाजारात म्हणायचे. वर्षभरापासून मात्र दुपार कलली की तो आवाज घोगरा व्हायचा, मग नाकात जायचा, चेहरा लाल व्हायचा, डोळे मिटू लागायचे. अखेर एका लिलावात त्यांची मान पुढे पडली आणि तोंडातून शब्द फुटेना. बाजार समितीच्या माणसांनी त्यांना आमच्याकडे आणून टाकलं ते हे सांगतच, की साहेब, हा दुपारनंतर पितो.

आमच्या युनिटचे प्रमुख डॉ. वाघचौरे. माणूस हुशार, हात अचूक, आणि जिभेला धार. त्यांचा राऊंड सकाळी असायचा आणि त्या राऊंडची सिस्टर पाटोळेंना लग्नघरासारखी घाई. पहाटेपासून चादरी ताणायच्या, नातेवाईक बाहेर काढायचे, आणि मग प्रत्येक पेशंटनं उताणं, सरळ, हात छातीवर ठेवून पडून राहायचं. उठायचं नाही, बोलायचं नाही, चहासुद्धा नंतर. साहेब आले की वॉर्ड कसा शांत दिसला पाहिजे. तसा तो दिसायचाही.

त्या शांत वॉर्डात दराडे रोज सकाळी ठणठणीत असायचे. पापण्या वर, आवाज खणखणीत, हाताची पकड अशी की सरांचीच बोटं दुखावीत. मी सरांना म्हणाले होते, की सर, याच्या स्नायूंना थकवा येत असावा, वापरले की थकतात आणि विश्रांती मिळाली की पुन्हा उभे राहतात, असा आजार आहे ना. सरांनी तिथल्या तिथे दराडेंना आकडे मोजायला लावले. दराडेंनी एका दमात शंभरपर्यंत मोजले आणि विचारलं, "अजून म्हणू का साहेब?" वॉर्ड हसला. सर हसले नाहीत. "कुलथे," ते मला म्हणाले, "सकाळी शुद्धीवर आणि संध्याकाळी बरळणारा माणूस आपल्याकडे नवा नाही. त्या आजाराला फार पुस्तकं लागत नाहीत."

मी त्यांना संध्याकाळी येऊन बघा म्हणाले, तर म्हणाले संध्याकाळी कुणीतरी आणून देत असेल, उशी तपासा. म्हणून ती उशी तपासली गेली. सिस्टरनी फोनवर बाटलीची बातमी दिली आणि सरांचा निरोप आला, उद्या राऊंड झाला की सुट्टी.

मथुराबाई व्हरांड्यात जाऊन बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. वॉर्डात मला थांबवत नव्हतं. बाईंनी माझ्याकडे न बघताच सुरुवात केली. त्यांचा बाप दारूनं गेला होता. आईचं मंगळसूत्र गेलं, मग भांडी गेली, मग बाप गेला. दराडेंचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मधल्या माणसाला एकच गोष्ट विचारली होती, आणि दराडेंनी स्वतः येऊन सांगितलं होतं की मी थेंबाला शिवत नाही. दोन मुली झाल्या. कधी तक्रारीला जागा नव्हती.

"आता वरीस झालं, ताई," त्या म्हणाल्या. "रोज सांजच्याला हे घरी आले की मी पाणी द्यायच्या निमतानं जवळ जाती आणि यांच्या तोंडाचा वास घेती."

"येतो वास?"

"न्हाई येत. एकदाबी आला न्हाई." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याचीच जास्त भीती वाटती. वास आला असता तर भांडले असते. वास न येता पिणारा माणूस म्हंजी लपवायला शिकलेला माणूस. माझा बाप शेवटी शेवटी तसाच झालता."

उद्या सकाळी त्यांचा भाऊ जीप घेऊन येणार होता. मुलींना आधीच मामाकडे पाठवलं होतं. दराडेंना सुट्टी झाली की ते त्यांच्या घरी जातील आणि बाई भावाबरोबर माहेरी, आणि मग ते कायमचं. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. भांडण करणाऱ्या बाईची समजूत घालता येते, ही तर ठरवून बसली होती. मी त्यांना म्हणाले, निदान उद्याचा राऊंड होईपर्यंत थांबा. त्यांनी विचारलं, राऊंडला काय होणार? मी नुसतंच थांबा म्हणाले.

मग मी दराडेंकडे गेले आणि जरा चिडूनच विचारलं, की तुम्ही शंभर आकडे कसे काय मोजता, आणि बाजारात तुमची जीभ का अडखळते? माझा रोख त्यांना टोचला असावा. ते थांबून थांबून बोलले. आकडे म्हणजे काय, ते पडल्या पडल्या म्हणायचे. पुकाऱ्याला चालावं लागतं. मान वर करून ट्रॉलीवरच्या शेतकऱ्याकडे बघावं लागतं, एक हात सतत वर धरावा लागतो, आणि वर ओरडायचं. पहिली रांग चांगली जाते. दुसऱ्या रांगेत काहीतरी होतं.

"काय होतं?"

"जीभ माझी ऐकत न्हाई," ते म्हणाले, आणि हनुवटीखाली तळहाताचा टेकू देऊन बसले. मी गुपचूप खोलीवर आले. रात्री पडल्या पडल्या कूस बदलत राहिले, आणि उठले तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं. ते करायला परवानगी मिळणार नाही हेही जवळजवळ ठरलेलंच होतं.

सकाळी वॉर्ड नेहमीसारखा सजला. चादरी ताणल्या गेल्या, पेशंट आडवे झाले. मी सिस्टरना म्हणाले, दराडेंना आज झोपवू नका, जरा फिरू द्या, बोलू द्या. त्या म्हणाल्या, डॉक्टर, एकाला उठू दिलं की तीस उठतात. त्यांचंही खरं होतं. दराडे उताणे पडून छताकडे बघत राहिले, आणि सर आले तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते.

दारात मथुराबाई उभ्या होत्या. मागे त्यांचा भाऊ पोपटराव, काखेत बांधलेली वळकटी. त्यांना वॉर्डात यायचंच नव्हतं, ते उंबऱ्याबाहेर थांबून मेव्हण्याकडे न बघता खिडक्यांकडे बघत होते.

सरांनी दराडेंच्या खाटेशी उभं राहून दोन मिनिटं दारूवर बोलून घेतलं. यकृत, घर, पोरी, सगळं. दराडेंनी एकदाच सांगितलं, की साहेब, मी घेत नाही. ते इतक्या स्वच्छ आवाजात सांगितलं की त्यांच्याच विरुद्ध गेलं. सर पुढच्या खाटेकडे वळले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, यांना एकदा पुकारा करू द्या."

सर थांबले. आता तोंड उघडलंच होतं. मी म्हणाले, पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत हे पुढे चालतील, प्रत्येक खाट म्हणजे एक गाडी, आणि आपण व्यापाऱ्यांसारखे मागून. हात वर, मान वर, बाजारात करतात तसंच. हे नीट पार पडले तर मी पुन्हा यांचं नाव काढणार नाही.

"हा वॉर्ड आहे, कुलथे. मार्केट यार्ड नाही."

त्यावर दम्याचे आजोबा उठून बसले. सिस्टरनी डोळे वटारले तरी ते बसूनच राहिले. "होऊ द्या की साहेब," ते म्हणाले. "घरी माझा कांदा साठवणीच्या चाळीत सडू राह्यला. निदान इथं तरी भाव कानावर पडू द्या."

सर स्वतः कांद्याच्या मुलखातले. त्यांच्या वडिलांनी जन्मभर बाजारात कांद्याच्या गाड्या लावल्या होत्या हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कारण भाव पडले की सरांचा राऊंड कडक व्हायचा. त्यांनी आजोबांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. म्हणाले, चला, होऊन जाऊ द्या, आणि हे संपलं की हा विषयही संपला.

पण दराडेच उठेनात. "थट्टा करू राह्यले का ताई माझी?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणाले. ते दाराकडे बघत होते. मथुराबाई जमिनीकडे बघत होत्या. मी खाली वाकून त्यांना एवढंच म्हणाले, की दुसऱ्या रांगेत जे होतं ते मला इथं हवंय, सगळ्यांसमोर. माझं बोलणं त्यांना कितपत पटलं कोण जाणे. त्यांनी उशाची टोपी घेऊन डोक्यावर ठेवली, सदरा खाली ओढला आणि पहिल्या खाटेपाशी जाऊन उभे राहिले. उजवा हात वर गेला.

"बोला शेठ, उन्हाळ कांदा, डबल पत्ती, माल एक नंबर. बोला पाचशेपासून."

तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. वॉर्डाच्या काचा हलल्या म्हणणार नाही, पण बायकांच्या वॉर्डातून नर्सेस धावत आल्या. पहिल्या खाटेवरचा कावीळवाला पोरगेला माणूस दचकून उठला आणि हसत म्हणाला, पाचशे दहा. पलीकडून कुणी वीस म्हणालं. दराडे भाव चढवत गेले, इकडे हात, तिकडे मान, एक वार, दोन वार, तीन वार, आणि पुढची गाडी. ज्यांना आठ दिवस उठवत नव्हतं ते कोपरावर टेकून बोली लावत होते. आमचे इंटर्न लावत होते. भाव फार खाली सुटला की सरांच्या भुवया वर जात होत्या.

पहिली रांग संपली. दराडेंचा चेहरा लालसर झाला होता, बाकी काही नाही. आवाज तसाच, पापण्या तशाच. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की सर म्हणतात तेच असेल, आणि या बाईला मी उगाच थांबवून ठेवलं. सर म्हणाले, झालं का समाधान? मी म्हणाले, सर, दुसरी रांग.

दुसऱ्या रांगेत गोल्टी निघाली, म्हणजे बारका कांदा, तिला भाव कमी आणि घासाघीस जास्त. तिसऱ्या-चौथ्या गाडीला दराडे कपाळाला आठ्या घालू लागले. मग ते मान मागे टाकून, हनुवटी वर करून बघू लागले, खिडकीच्या झडपेखालून बाहेर बघावं तसं. डावी पापणी उतरली होती. थोड्या वेळानं उजवीही. भाव चढत होता आणि शब्द मऊ होत होते. पाचशेतला श कुठेतरी नाकात गेला. मागे कुणीतरी हसून म्हणालं, चढली वाटतं गड्याला, आणि म्हटल्याबरोबर स्वतःच गप्प झालं. कारण सगळ्यांच्या देखत चालला होता हा माणूस, सकाळच्या उजेडात, पाण्याचा घोटसुद्धा न घेता.

पुढच्या खाटेपाशी दराडेंनी एक वार म्हटलं. दोन वार म्हटलं, ते ओळखावं लागलं. तीन वार निघेचना. त्यांचा जबडा लोंबला होता. त्यांनी डाव्या हातानं तो खालून उचलून धरला आणि पुन्हा प्रयत्न केला. उजवा हात त्यांनी अजून खाली घेतला नव्हता, तो थरथरत होता. बोली लावलेला माणूस खाटेवर तसाच बसून होता.

"बसवा त्यांना," सर म्हणाले.

यानंतर सरांनी जे केलं ते मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना करून दाखवते. त्यांनी चष्मा पुसला, दराडेंच्या समोर स्टूल ओढून घेतलं आणि जणू हा पेशंट त्यांनी पहिल्यांदाच पाहिला अशा रीतीनं सुरुवात केली. छताकडे बघायला लावलं. पापण्या वर जायच्या ऐवजी खाली आल्या. डोळे घट्ट मिटायला सांगितले आणि बोटांनी सहज उघडले. हात समोर धरायला लावले, ते हळूहळू खाली आले. मग त्यांची नजर दराडेंच्या गळ्यावर थांबली. सदऱ्याची गुंडी काढून त्यांनी पाहिलं. बसलेल्या माणसाच्या मानेच्या शिरा असतात त्याहून त्या फुगलेल्या होत्या.

"हात धरून वर करा यांचे. दोन्ही, कानाला लावून."

मी आणि एका इंटर्ननं हात वर केले. पाहता पाहता दराडेंचा चेहरा लाल झाला, मग जांभळट, आणि कपाळावरची शीर तट्ट फुगली. सरांनी हात खाली घ्यायला सांगितलं. रंग उतरत गेला. बाजारात हात वर करून ओरडणाऱ्या या माणसाचं तोंड रोज सगळ्यांनी असंच लाल पाहिलं असणार आणि आपसात डोळे मिचकावले असणार. सरांनी छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकून पाहिलं, मग जरा बाजूला, मग पुन्हा मध्ये. जिथं पोकळ वाजायला हवं तिथं बद्द वाजत होतं. मला ते ऐकू आलं.

सरांनी विचारलं, छातीचा फोटो काढलाय का? काढला होता, पण फक्त समोरून. त्यात मधली सावली जरा रुंद होती, ती आम्ही सगळ्यांनी माणूस तिरका उभा राहिला असेल म्हणून सोडून दिली होती. सर म्हणाले, बाजूनं काढा, आत्ता, आणि चालवत नेऊ नका. श्वासावर लक्ष ठेवा. हेही म्हणाले, की स्नायूंना तात्पुरती ताकद देणारं इंजेक्शन आपल्याकडे नाही, बाजारातून आणवा. माझ्याकडे बघून त्यांनी एकदा मान हलवली. सरांकडून तेवढं म्हणजे पुष्कळ होतं.

फोटो ओला होता तसाच सरांनी खिडकीशी धरला. छातीच्या हाडामागे, जिथं काळं दिसायला हवं तिथं, मोसंबीएवढी पांढरी गाठ. मथुराबाई आणि पोपटरावांना आत बोलावून सरांनी समजावलं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. लहानपणी तिचं काम असतं, मोठेपणी ती सुकून जाते. यांची सुकायच्या ऐवजी वाढली, तिची गाठ झाली. त्या गाठीमुळे शरीर आपल्याच स्नायूंवर उलटलंय, म्हणून ते लवकर थकतात. पडून राहिलं की पुन्हा ताकद येते, म्हणून सकाळी काही दिसत नाही. गाठ काढावी लागेल, त्यासाठी छाती उघडावी लागेल, मुंबईला न्यावं लागेल. त्यात धोका आहे.

मथुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी हे पीत नव्हते?"

"बाई, मी काय सांगतोय ते कळलं का? गाठ मोठी आहे. जिवाचं काम आहे."

"ते कळलं साहेब. पीत नव्हते ना?"

सरांनी फोटो खाली ठेवला. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी काल सकाळी, परवा सकाळी, सगळ्या वॉर्डासमोर देऊन टाकलेलं होतं. "नाही," ते म्हणाले. "पीत नव्हते."

आणि ती बाई हसली. नवऱ्याच्या छातीत गाठ आहे हे नुकतंच ऐकलेली बाई, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. मी पुष्कळ बातम्या दिल्यात लोकांना त्यानंतर, वाईट आणि बऱ्या. गाठीची बातमी इतक्या आनंदानं घेतलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"दादा, तू जा," त्या भावाला म्हणाल्या. "वळकटी इथंच ठेव. आणि घरी गेल्या गेल्या पोरींना सांग, तुमचा बाप पीत न्हाई. गाठीचं मागून सांग. आधी एवढंच सांग."

पोपटरावांनी वळकटी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच मेव्हण्याच्या खाटेपाशी जाऊन उभे राहिले.

पुढे बऱ्याच खटपटी झाल्या. मुंबईचं ऑपरेशन पार पडलं, गोळ्या सुरू राहिल्या, आणि दराडे पुन्हा पुकारा करू लागले, फक्त दोन रांगांच्या मध्ये ते आता गोणपाटावर आडवे होतात आणि बाजार त्यांच्यासाठी थांबतो, असं त्यांच्या गावाकडचे पेशंट सांगायचे. ते सगळं मी ऐकलेलं. डोळ्यांसमोर आहे तो त्याच दिवशीचा थोडा वेळ, इंजेक्शन आणायला माणूस गेलेला असताना.

दराडे उशीला टेकून पडले होते. दोन्ही पापण्या पूर्ण मिटलेल्या. जागे होते, कानानं सगळं टिपत होते, पण डोळे उघडायची ताकद नव्हती. मी नाडीवर हात ठेवून बसले होते. मथुराबाई आल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या. वाकून, दोन्ही हातांचे अंगठे त्यांच्या पापण्यांवर ठेवून, तान्ह्याचं काजळ पुसावं इतक्या हलक्या हातानं त्या वर उचलल्या आणि तशाच धरून ठेवल्या.

"दिसती का मी?"

दराडेंची नजर आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे. आम्ही त्यांना रोज विचारत होतो, की एका वस्तूच्या दोन दिसतात का. या आजारात हा ठरलेला प्रश्न आहे. रोज ते मान हलवून नाही म्हणायचे, ठामपणे, लगेच, आणि त्यांचं ते 'नाही'च सरांना सर्वांत पटायचं.

"दोन दिसत्यात," ते नाकातून म्हणाले. "वरीस झालं. सांजच्याला तू दार उघडायची तवा दोन दिसायच्या. कुणाला सांगू? एकाचे दोन कुणाला दिसत्यात, सगळ्यांना ठावं हाये."

मथुराबाईंनी पापण्या सोडल्या नाहीत.

"दोन तर दोन," त्या म्हणाल्या. "दोघीबी इथंच हायेत."